समलिपद म्हणजे सामनगाव का? जुन्या लेखांतली गावं ओळखताना

प्रश्न असा आला आहे. नाशिकरोडच्या पूर्वेकडच्या एका शाळेत शिकवणारे सर विचारतात: "पांडवलेण्यातल्या लेणे क्रमांक ३ मध्ये पुळुमावी या सातवाहन राजाच्या लेखात 'समलिपद' नावाचं गाव भिक्षूंना दिल्याचं वाचलं. ते पूर्वेच्या वाटेवर आहे असंही त्यात म्हटलंय. आमच्या शेजारी सामनगाव आहे, तेही नाशिकच्या पूर्वेलाच. हेच ते गाव, असं मुलांना सांगितलं तर चालेल का? आणि अशी जुनी नावं ओळखायची काही रीत असते का?"

सर, आज तरी चालणार नाही. मात्र तुमचा प्रश्न वेडगळ नाही. दिशेचा विचार तुम्ही केलात. निम्मे लोक तेवढाही करत नाहीत. नकाशा उघडतात, कानाला बरं वाटणारं नाव शोधतात आणि टाचणी टोचून मोकळे होतात. मीही तरुणपणी अशा टाचण्या टोचल्या आहेत. त्यातली एक कशी उपटावी लागली ते पुढे सांगतो.

आधी लेखात काय आहे ते नीट पाहू. नेमकं काय लिहिलंय हे ठरण्याआधीच गाव शोधायला निघणं, ही या कामातली पहिली आणि सगळ्यात महागडी चूक.

लेणे ३ च्या ओसरीत मागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा, म्हणजे गौतमीपुत्र राजाच्या आईचा आणि पुळुमावीच्या आजीचा, प्रसिद्ध लेख आहे, पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षाचा. तुमचं गाव येतं ते त्याच्याखालच्या, २२ व्या वर्षाच्या लेखात. पुळुमावी गोवर्धनातल्या शिवखदिल नावाच्या अमात्याला आज्ञा करतो. मतलब असा: गोवर्धन आहारात (आहार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग) दक्षिणेच्या वाटेवरचं सुदिसण हे गाव आम्ही राणीच्या लेण्यात राहणाऱ्या भदायनीय पंथाच्या भिक्षूंना दिलं होतं, त्याच्या बदल्यात आता याच आहारात पूर्वेच्या वाटेवरचं समलिपद देत आहोत. म्हणजे हे गावाच्या अदलाबदलीचं कागदपत्र आहे. आजच्या भाषेत फेरफार.

यात एक गंमत आहे. एकाच दगडावर एकाच गावाचं नाव एकदा 'सुदिसण' आणि पुढे 'सुदसण' असं कोरलं आहे. मधल्या अक्षराची वेलांटी कधी आहे, कधी नाही. वर बलश्रीच्या लेखात दान दिलेल्या गावाचं नाव तर तिसरंच आहे, 'पिसाजिपदक', आणि ते तिरण्हु डोंगराच्या नैर्ऋत्य बाजूला असल्याचं म्हटलंय. हे गाव आणि सुदिसण एकच की वेगळी, यावरच अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. तेव्हा कोरणाऱ्याच्या हातून एक वेलांटी इकडची तिकडे होणं अगदी शक्य आहे, हे धरूनच पुढे जायचं.

म्हणून कामाची सुरुवात दगडापाशी होते. छापील वाचन प्रमाण मानू नका. किमान दोन वाचनं शेजारी ठेवा: भगवानलाल इंद्रजींची, जी १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये आली, आणि सेनार यांची, जी त्यानंतर वीसेक वर्षांनी प्रसिद्ध झाली. जिथे दोघांत फरक आहे तिथे विजेरी तिरपी धरून स्वतः पाहा. समोरून उजेड टाकला तर ब्राह्मीतला च आणि व यांतला फरक बुजतो, आणि दगडातला खड्डा अनुस्वार म्हणून हसतो. तिरप्या उजेडात छिन्नीच्या रेषेला सावली पडते, खड्ड्याला मात्र कडा नसते. मी विद्यार्थ्यांना तासभर फक्त एवढंच करायला लावतो. ते कंटाळतात. चालतं.

आता समलिपद.

या नावाचे दोन तुकडे पडतात. 'सामलि' म्हणजे संस्कृत शाल्मली, आपली सावर. लाल फुलांची, काटेरी खोडाची, जिच्या बोंडातून कापूस उडतो ती. 'पद' हे गावाच्या नावामागचं शेपूट. म्हणजे सावरीचं गाव. आता मराठीची सवय आठवा. प्राकृतात दोन स्वरांमध्ये आलेला म मराठीत येताना व होतो, जुन्या बोलण्यात नाकात, पुढे साधाच. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव, आमलकाचा आवळा, श्यामलचा सावळा. त्याच न्यायाने सामलीची सांवरी, सावर झाली. म्हणजे समलिपद दोन हजार वर्षं लोकांच्या तोंडात राहिलं असतं, तर आज ते सावरगाव, सावरी, सावरपाडा असं काहीतरी ऐकू आलं असतं. 'सामन' व्हायला म तसाच टिकायला हवा आणि ल चा न व्हायला हवा. दोन्ही गोष्टी मराठीच्या स्वभावाविरुद्ध आहेत.

बरं, मग सावरपाडा? आहे की. त्र्यंबक तालुक्यात हरसूलकडे सावरपाडा आहे. आवाज अगदी जुळतो. पण ते नाशिकच्या पश्चिमेला, घाटाच्या बाजूला. लेख सांगतो पूर्वेची वाट.

तुमच्या सामनगावची दिशा बरोबर आणि आवाज चूक. सावरपाड्याचा आवाज बरोबर आणि दिशा चूक. या कामात असं रोज होतं. दोन साक्षीदारांपैकी एकच बोलतो आणि आपण त्याच्यावर विश्वास टाकतो, कारण तो आपल्या आवडीचं बोलतो. माझा नियम असा आहे की आवाजाचा साक्षीदार शेवटी बोलवायचा. आधी लेखाचा मजकूर, मग दिशा आणि अंतर, मग शेजारची गावं, मग जमीन; आणि हे सगळं जमलं की आवाज. उलट क्रमाने गेलात तर आवाज बाकीच्यांना शिकवून ठेवतो.

दिशेबद्दलही एक पेच आहे. 'पूर्वेची वाट' म्हणजे कुठून पूर्वेची? आपण नाशिकमध्ये बसून नाशिकपासून मोजतो. पण लेखातला आहार गोवर्धनाचा आहे, अमात्य गोवर्धनात बसतो. सातवाहनांच्या काळी कारभाराचं ठाणं गोवर्धन होतं, आणि ते आजचं गंगापूर-गोवर्धन, शहराच्या पश्चिमेला गोदाकाठी. तिथून पूर्वेला निघालेली वाट आजच्या नाशिक शहरातूनच किंवा त्याच्या कडेनं गेली असणार. म्हणजे समलिपद शोधायला ओढ्या-एकलहऱ्यापर्यंत जायलाच हवं असं नाही. ते पंचवटीच्या, तपोवनाच्या परिसरातही बसू शकतं. केंद्र हललं की सगळ्या दिशा हलतात. नकाशावर परकार ठेवण्याआधी टोक कुठे टेकवायचं ते ठरवा.

गोवर्धनाचं नाव आलंच आहे तर आवाजाच्या नियमाला अपवाद कसा असतो तेही पाहा. लेखांत ते 'गोवधन' येतं. साध्या चालीनं 'वर्धन'चं मराठीत 'वाढण' व्हायला हवं, आपण 'वाढणे' म्हणतो तसं. पण आजचं गाव गोवर्धन आहे, र शाबूत. का? कारण कृष्णकथेतला गोवर्धन सगळ्यांच्या ओळखीचा. पंडितांनी, पुजाऱ्यांनी, पोथी वाचणाऱ्यांनी ते नाव पुन्हा पुन्हा घासून पुसून संस्कृत ठेवलं. देवाधर्माशी जोडलेली नावं अशी उलटी वाढतात. म्हणून नियम मोडला म्हणजे ओळख चुकलीच असं नाही. मात्र नियम कुणी मोडला, ते सांगता आलं पाहिजे. सामनगावच्या बाबतीत ते सांगता येत नाही.

पांडवलेण्याच्या डोंगरावरच दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात. लेणे १० मध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात संस्कृताळलेल्या भाषेत 'त्रिरश्मिषु पर्वतेषु' म्हणतो. लेणे ३ मधले सातवाहन त्याच डोंगराला 'तिरण्हु' म्हणतात. डोंगर एक, पण एक नाव दरबारी आणि एक घरचं. पुढे कुणाला एका ताम्रपटात त्रिरश्मी आणि दुसऱ्यात तिरण्हु सापडलं असतं आणि हा डोंगर समोर नसता, तर त्यांनी दोन डोंगर नकाशावर टाकले असते याची मला खात्री आहे.

उषवदाताचा लेख तर नावांची पेठच आहे. तो सांगतो की इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट होड्या ठेवल्या. यातल्या तीन-चार नद्या शाळकरी मुलगाही ओळखेल: पार, दमणगंगा, तापी, डहाणूची नदी. पण क्रम पाहा. पार आणि दमण झाल्यावर तापी येते, आणि तापी त्या दोघींच्याही उत्तरेला आहे. म्हणजे हा क्रम भूगोलाचा नाही, बोलण्याच्या ओघाचा आहे. काही अभ्यासक अशा यादीतल्या अनोळखी नदीला आजूबाजूच्या दोन ओळखीच्या नद्यांच्या मधोमध बसवतात. इथे तसं केलं तर फसगत. यादी प्रवासाची आहे की आठवणीची, हे आधी तपासायचं, आणि तपासायची सोपी युक्ती अशी की ओळखीची नावं घेऊन ती नकाशावर एकामागे एक जोडायची. रेघ सरळ पुढे गेली तर यादी प्रवासाची. मागे-पुढे उड्या मारू लागली तर यादीच्या क्रमाला पुरावा मानायचं नाही.

प्रवासाची यादी कशी असते त्याचा नमुना सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथात आहे. गोदाकाठी राहणाऱ्या बावरी ब्राह्मणाचे शिष्य बुद्धाकडे निघतात. पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, गोनद्ध, वेदिसा, कोसंबी, साकेत, सावत्थी. पैठण, महेश्वरचा परिसर, उज्जैन, विदिशा, कोसम, अयोध्या, श्रावस्ती. रेघ ईशान्येकडे सरळ जाते, कुठे मागे वळत नाही. म्हणून गोनद्ध कुठेही असलं तरी ते उज्जैन आणि विदिशा यांच्या दरम्यान शोधायचं, हे धीराने म्हणता येतं. या मजकुरात अजून एक धडा आहे. हस्तलिखितांत पैठणचा देश कुठे 'अळक' येतो, कुठे 'मुळक'. कुठलं बरोबर? उत्तर आपल्या डोंगरावर आहे. बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राच्या ताब्यातले प्रदेश मोजताना 'असिक असक मुळक' असं कोरलं आहे. कागद नकलताना पहिलं अक्षर गळू शकतं. दगडावर ते तसंच आहे. श्रीलंकेत, ब्रह्मदेशात नकललेल्या पोथीतली चूक नाशिकच्या भिंतीने सुधारली, हे मला अजूनही नवल वाटतं.

आता परदेशी लेखकांकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग रीतीबद्दल आहे, आणि तगर या नावाइतकं चांगलं उदाहरण माझ्याकडे दुसरं नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर एका ग्रीक जाणत्या व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची मार्गदर्शिका लिहिली, 'पेरिप्लस' म्हणतात ती. तिचं महत्त्वाचं हस्तलिखित एकच, दहाव्या शतकातलं, हायडेलबर्गला. त्यात तो म्हणतो की बॅरिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणपासून पूर्वेला १० दिवसांवर तगर हे फार मोठं शहर आहे. पैठण तर उघडच होतं. तगर कुठलं? कुणी देवगिरी म्हटलं, कुणी जुन्नर. दोन्ही नामांकित जागा, म्हणून दोन्ही मोह पडण्याजोग्या.

कागद घ्या आणि मोजा. भडोच ते पैठण सरळ रेषेत अंदाजे ३५० किलोमीटर. २० दिवस. म्हणजे दिवसाला सतरा-अठरा किलोमीटर सरळ रेषेत; वळणावळणाच्या वाटेनं थोडं जास्त. बैलगाड्यांचा तांडा हेच चालतो. या मापाने १० दिवसांत दीड-पावणेदोनशे किलोमीटर. देवगिरी पैठणपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, तेही उत्तरेला. गाडीवान वाटेत झोपा काढत गेला तरी दहा दिवस लागणार नाहीत. जुन्नर अंतराने बसतं, दीडशेच्या आसपास, पण ते पश्चिमेला. ग्रीक माणूस पूर्व म्हणतो. आता धाराशिवकडचं तेर घ्या. पैठणपासून १५० किलोमीटर, आग्नेयेला. दिवसाला पंधरा किलोमीटर. पूर्व म्हणजे काटेकोर पूर्व नव्हे, पण मोघम बोलणाऱ्या व्यापाऱ्याला आग्नेय ही पूर्वच. १९०१ साली फ्लीट यांनी तेर सुचवलं आणि वाद मिटला.

आता आवाजाला आत बोलवा, शेवटी. तगरचा मधला ग झिजला की तअर, तअरचं तेर. नगरचं नेर होतं तसंच: संगमनेर, अमळनेर, पिंपळनेर. यादवांच्या लेखांतलं सिंदिनगर आज आपलं सिन्नर आहे, तेही याच वाटेने. म्हणजे आवाज नुसता 'जुळतोय' असं नाही, तो नियमाने जुळतोय, आणि तोच नियम शेजारच्या डझनभर नावांत दिसतोय. वर शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेतात, म्हणजे नावाची आठवण कित्येक शतकं जिवंत होती. आणि तेरला जमिनीतून सातवाहनकालीन वस्ती, खापरं, मातीच्या मूर्ती, हस्तिदंताचं काम निघालं. पाच साक्षीदार, पाचही स्वतंत्र. याला ओळख म्हणायचं.

टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराकडे मात्र जपून जा. दुसऱ्या शतकातल्या त्याच्या यादीत 'नासिक' येतं, म्हणून नाशिककर खूष होतात. मीही होतो. पण तो अक्षांश-रेखांश देतो म्हणून ते मोजमापाने आलेत असं समजू नका. प्रवाशांचे दिवस घेऊन त्याने अंश बनवले, आणि दक्षिण भारताचा आकार त्याच्या नकाशावर चपटा होऊन बसला आहे. त्याचे अंश आजच्या नकाशावर ठेवायला गेलात तर निम्मी शहरं समुद्रात पडतील. कामाची गोष्ट वेगळी आहे: तो नासिक लारिकेत, म्हणजे लाट प्रदेशात (आजचा दक्षिण गुजरात), भडोचच्या गटात घालतो. हे ऐकायला विचित्र. पण नहपानाच्या वेळी भडोच, सोपारा आणि गोवर्धन एकाच क्षत्रपाच्या हाताखाली होते, उषवदाताचं दान या तिन्ही ठिकाणी आहे. टॉलेमीच्या माहितीचा हा तुकडा बहुधा त्या जुन्या राजवटीतला असावा. त्याच्याच यादीत पैठण 'सिरोप्टोलेमायोस'ची राजधानी आहे, म्हणजे सिरी पुळुमावी. पुळुमावीचा टोलेमायोस का झाला? लेखक स्वतःच टॉलेमी! अनोळखी नाव कानावर पडलं की माणूस ते ओळखीच्या नावाकडे ओढतो. आपणही शूर्पणखेच्या नाकावरून नाशिक काढतो तेव्हा तेच करतो. कथा गोड आहे, लहानपणापासून ऐकतोय, पण तिचा ओळखीच्या कामात उपयोग नाही. लेणे १९ मध्ये सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या काळचा नासिकचा महामात्र, म्हणजे बडा अधिकारी, येतो, चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नासिककरांच्या धंभिक गावाचं दान कोरलं आहे. नाव त्या वेळीही नासिकच होतं, एवढं पुरे.

आता माझी उपटलेली टाचणी. राष्ट्रकूट तिसऱ्या गोविंदाचा वणी-दिंडोरीचा ताम्रपट आहे, नवव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात नासिक देश आणि त्यातला वटनगर विषय, म्हणजे विभाग, येतो. वटचं वड, नगरचं नेर: वडनेर. नियम शंभर टक्के लागू. मी खूष होऊन एका छोट्या अंकात लिहून टाकलं की वटनगर म्हणजे चांदवड तालुक्यातलं वडनेर भैरव. छापून आल्यावर आमच्या गावाकडच्या काकांनी एकच वाक्य विचारलं, "मग मालेगावकडच्या वडनेरनं काय घोडं मारलं?" आणि नाशिकरोडजवळ वडनेर दुमाला आहेच. आवाजाने तिन्ही सारखी. मी त्यातलं एक निवडलं, कारण तिथला भैरवनाथ मला ठाऊक होता. पुरावा म्हणून एवढंच! ताम्रपटात चारी बाजूंच्या सीमांची गावं दिलेली असतात, ती चार नावं मी शोधलीच नव्हती. एका नावाची ओळख पटवण्यापेक्षा पाच नावांचा झुपका एकत्र कुठे बसतो ते शोधणं सोपं असतं आणि खात्रीचं. एक नाव योगायोगाने कुठेही सापडतं, पण शेजारी-शेजारी पाच योगायोग होत नाहीत.

त्याच ताम्रपटात गोविंदाचा मुक्काम 'मयूरखंडी' म्हटला आहे. ती आधी सप्तशृंगाशेजारच्या मार्कंडा किल्ल्यावर बसवली गेली. नाशिककरांना ते फार आवडलं. पुढे बीदरकडच्या मोरखंडीकडे बोट दाखवलं गेलं, आणि नाव तर तिथं जसंच्या तसं आहे. माझं मत मोरखंडीकडे झुकतं. इथल्या मंडळींना सांगितलं की ती रागावतात. रागावू द्या.

जमिनीवर काय पाहायचं, ते थोडक्यात. प्रत्येक जुन्या गावाला पांढर असते. वस्तीची राख, शेण, माती शतकानुशतकं साचून झालेला पांढरट उंचवटा. काळ्या जमिनीत तो लांबून दिसतो. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन जोराच्या सरींनंतर जा, मातीतून खापरं धुऊन वर येतात. काळं-तांबडं खापर, लाल पॉलिश केलेलं खापर ओळखायला शिका. शंका आली तर ते जिथं आहे तिथंच ठेवून फोटो काढा. खिशात घालून आणू नका, त्याची जागाच त्याची माहिती आहे. नाशिकमध्ये जुन्या गढीवर १९५०-५१ साली सांकलिया आणि देव यांनी खणलं, तेव्हा सातवाहनांच्या आधीपासूनची वस्ती तिथं निघाली. तुमच्या गावी तशी पांढर नसेल, तर आवाज कितीही जुळो, दोन हजार वर्षं जुनं नाव तिथंच उगवलं असं म्हणता येत नाही. कारण गावं उठतात, आणि उठताना नाव बरोबर घेऊन जातात. धरणात गेलेल्या गावांनी नव्या वसाहतींना जुनीच नावं दिली, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. पुरामुळे, दुष्काळामुळे, लुटीमुळे हे हजार वेळा झालं असणार.

सातवाहनांच्या काळीसुद्धा. लेणे ३ मध्येच गौतमीपुत्राचा १८ व्या वर्षाचा लेख आहे. त्यात अपरकखडी गावातलं उषवदाताच्या ताब्यातलं २०० निवर्तन (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना दिलं आहे. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, राजाला पुन्हा आज्ञा काढावी लागते: कखडी गावात जे शेत दिलं ते कसलं जात नाही, कारण गावात वस्ती नाही, म्हणून शहराच्या सीमेवरची १०० निवर्तनं राजशेती त्यांना द्या. आपल्या महसुली दप्तरातला शब्द आहे 'बेचिराख'. कखडी तेव्हाच बेचिराख झाली होती! मग ती आजच्या नकाशावर शोधायची कशी? शेतांच्या नावांत, ओढ्यांच्या नावांत, जुन्या मोडी दप्तरातल्या 'मौजे अमुक बेचिराख' अशा नोंदींत. गावाचं नाव मेलं तरी शिवाराच्या एका तुकड्याला ते चिकटून राहतं. शेतकरी त्याला 'कखडीचा माळ' म्हणत असेल आणि सातबाऱ्यावर फक्त गट नंबर असेल.

अपरकखडीतला 'अपर'ही पाहा: पश्चिमेची. म्हणजे कखडी दोन होत्या, जशी आपली खुर्द आणि बुद्रुक. 'अपर' हा नावाचा भाग नाही, ओळखीची खूण आहे. अशी खूण नावाचाच भाग समजून 'अपरकखडी'शी जुळणारं गाव शोधत बसलात, तर आयुष्य जाईल. 'गोवधनस बेनाकटक' या शब्दांचंही तसंच: बेना नावाची नदी विदर्भातही आहे, म्हणून काही लोक लगेच वैनगंगेवर जाऊन उभे राहतात, पण लेख स्वतः सांगतो की हे बेनाकटक गोवर्धनाचं. शेजारचा शब्द वाचला असता तर पायपीट वाचली असती.

तर सर, मुलांना काय सांगायचं? असं सांगा: पुळुमावीने पूर्वेच्या वाटेवरचं समलिपद नावाचं गाव लेण्यांतल्या भिक्षूंना दिलं. त्या नावात सावर दडलेली आहे. ते गाव गोवर्धनाच्या पूर्वेला, म्हणजे कदाचित आपण जिथं राहतो त्याच पट्ट्यात होतं. वरच्या वर्गातल्या मुलांना गावचा नकाशा काढायला लावा, आणि त्यात शेतांची नावं भरायला सांगा. घरातल्या आजी-आजोबांना विचारून. चिंचेचा मळा, खडकाळी, भुताचा ओढा, जे काही असेल ते. सामनगाव, ओढा, एकलहरे, माडसांगवी, शिलापूर, जमेल तितक्या शिवारांची. यादी झाली की मला पाठवा. 'सावर', 'सांवर', 'सावरी' असं एखादं शिवारनाव कुठं दिसलं, आणि त्याच शिवारात पांढर असली, तर मी मार्गशीर्षात, पिकं निघाल्यावर, तुमच्यासोबत दिवसभर फिरायला तयार आहे.

सावरीची झाडं मात्र शोधू नका. सावर दोन हजार वर्षं जगत नाही, आणि आज दिसणारी बहुतेक नंतर लागलेली असणार.